समुद्राची ओटी

बाई, मी परवा विशाखापट्टणला जाऊन आले. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, की कशानं गेलीस, आन् खिडकीत बसलीस का नुसत्या झोपा काढल्यास. तर नांदेडहून आता थेट रेल्वे आहे, आपल्या सहलीसारखं देगलूरहून बसनं हैद्राबाद आणि तिथून पळत पळत स्टेशन, असलं काही राहिलं नाही. आणि हाव, खिडकीतच बसले. लेक तिथल्या एका दवाखान्यात कामाला लागलीय, मशीनवर फोटो काढायचं काम, तिनं चार दिवसांसाठी बोलावलं होतं. पन्नाशीला आलेली बाई मी, नांदेडात ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे माझं, दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड चालू, कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण गाडी त्या गावात शिरली आणि माझं तोंड जे बंद झालं ते झालंच. लेकीला वाटलं प्रवास लागला. मी म्हणाले, हाव, तेच.

पोरगी हौशी आहे. देऊळ, बाग, किनाऱ्यावरची भेळ असलं तिला चालत नाही. फोनवर शोधून शोधून तिनं भलतंच काय काय ठरवून ठेवलं होतं. "आई, सगळे बघतात ते मी तुला दाखवणारच नाही," म्हणाली. पहिल्या दिवशी पाणबुडी. खरी पाणबुडी बाई, रेतीवर ओढून ठेवलेली, तिकीट काढून आत शिरायचं आणि वाकून वाकून पुढं सरकायचं. माणसं महिना महिना राहायची म्हणे तिच्यात, फळीवर फळी टाकून झोपायची. आता गं माय, आम्ही दुकानाच्या पोटमाळ्यावर अर्धा तास बसलो तरी जीव घाबरा होतो! दुसऱ्या दिवशी लाल मातीचे डोंगर, तेही थेट समुद्राच्या काठाला, पाण्यानं चिरत गेलेले, आत घळीत शिरलं की चारी बाजूंनी नुसतं लालच लाल. तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मासळीचा धक्का, तिथंच उभ्यानं इडली खायची आणि बायांनी पुकारलेला लिलाव बघायचा. लेक उड्या मारत दाखवून राहिली होती. मी तिला सांगितलं नाही की लाल डोंगर आणि धक्का मी नववीतच बघितलेत, तिच्या जन्माच्या आधी, तुमच्या मागं लाईनीत उभं राहून.

त्या सहलीसाठी तुम्ही हेडसरांशी कसं भांडला होतात, ते मी खिडकीतून ऐकलं होतं. शाळेची सहल म्हणजे औंढा, परळी, फार तर वेरूळ. तुम्ही म्हणालात, आपली गंगा म्हणजे गोदावरी नाशकाकडून येते आणि नांदेडवरून पुढं जाते, एवढंच पोरींना माहीत. जाते कुठं, ते कधी दाखवायचं? हेडसर म्हणाले, "बरं, समुद्र दाखवा. पण मासळीबाजार कामून? माळकऱ्यांच्या पोरी हायेत." तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिथं बाया लिलाव पुकारतात सर. आपल्या मोंढ्यात धान्याची बोली करताना एक तरी बाई दिसली का तुम्हाला?" हेडसरांनी कागदावर सही केली. मला तेव्हा तुमचा एवढा अभिमान वाटला होता की मी घरी जाऊन मायला तसंच्या तसं करून दाखवलं, कमरेवर हात ठेवून. मग रेल्वेत मी तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्ही कितीदा बघितलाय समुद्र?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नकाशात रोज बघते की." वीस वर्षं भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवणाऱ्या बाईंनी समुद्र बघितलाच नव्हता. आम्ही पोरी किती हसलो, आणि तुम्हीही हसलात.

ओटीचं खूळ निघालं आमच्या आयांकडून. पोरी चालल्यात जिथं गंगा जाऊन मिळते तिथं, म्हटल्यावर गल्लीतल्या बायांनी ठरवलं की पोरींच्या हातून ओटी पाठवायची. आपल्याला काही या जन्मात जायला मिळत नाही, ओटी तरी पोचू द्या. तुम्ही समजावलंत की गंगा मिळते ती जागा जरा खाली आहे, आपण चाललोय ते गाव वर आहे. माझी माय म्हणाली, "पाणी तर एकच हाय ना बाई?" तर बत्तीस पोरी आणि बत्तीस ओट्या, खणात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. माझ्या मायनं मात्र खणाला गाठीवर गाठ मारली होती. तिच्या गर्भाच्या पिशवीत गाठ निघाली होती, नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, सहलीनंतरच्या सोमवारी. त्या काळात ऑपरेशन म्हटलं की घरात आधीच रडारड. माय मला म्हणाली, "सोडू नको, उघडू नको, अख्खी टाक. पोचली की मी पार पडले समज." चौदा वर्षांची होते मी. ती ओटी मी प्रवासभर मांडीवरून खाली ठेवली नाही, तुम्ही रागावलात तरी.

आणि मग आपण किनाऱ्यावर उभ्या राहिलो. आपल्याला काय माहीत? आपण गंगेच्या घाटावरच्या बाया, पाण्यात टाकलं की पाणी घेऊन जातं, वळूनसुद्धा बघायचं नाही, एवढंच आपल्याला ठाऊक. पोरींनी एकेक करून ओट्या सोडल्या, हात जोडले, आणि पुढच्या लाटेनं सगळ्याच्या सगळ्या आमच्या पायाशी आणून टाकल्या. अगं बया, काय गोंधळ! नारळ गडगडत परत येऊन राहिलेले, खण पायात अडकून राहिलेले, पोरी किंचाळून राहिल्या, "घेतली न्हाई, समुद्रानं ओटी घेतली न्हाई!" दोघीतिघी तर रडायलाच लागल्या. तुम्ही क्षणभर गांगरलात, मला दिसलं ते. पण लगेच टाळ्या वाजवून म्हणालात, "गप! ऐका. खण सोडा, तांदूळ पाण्यात जाऊ द्या. तांदूळ गेला की ओटी गेली. नारळ त्यानं प्रसाद म्हणून परत दिला." असला काही नियम नाही, तुम्ही जागच्या जागी बनवला होता. पण पोरी अशा खूश झाल्या की दगडावर नारळ फोडून खोबरं खात बसल्या.

मी तेवढी उभी होते. मला गाठ सोडायची परवानगी नव्हती. तीनदा टाकली मी मायची ओटी, तिन्ही वेळा परत आली. तुम्ही म्हणालात, "अगं, लाट पाणी पुढं ढकलती, मी शिकवलंय न्हाई का, त्यात शुभ-अशुभ काही नसतं." मी म्हणाले, "मायचं ऑपरेशन हाय सोमवारी." आणि माय काय म्हणाली होती ते सांगितलं. मग तुम्ही हातातलं घड्याळ काढून मॉनिटरच्या हातात दिलं, पदर खोचला, पोरींना म्हणालात, "लाईनीत बसा, कुणी उठायचं न्हाई," आणि माझ्या हातातली ओटी घेऊन पाण्यात चालायला लागलात. होडीपाशी जाळं निवडत बसलेली एक कोळीण ओरडली, "वद्दम्मा, वद्दु!" नको बाई, नको. तुम्हाला तर तेलुगू आमच्यापेक्षा चांगलं यायचं, तुमच्या आईची ती बोली. तुम्ही नुसता हात हलवला आणि जात राहिलात, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, लाटा फुटतात त्याच्याही पुढं. हात वर करून तुम्ही ओटी फेकली आणि त्याच वेळी मोठी लाट आली. तुम्ही दिसेनाशा झालात.

होडीवरचे दोन गडी धावले. त्यांनी तुम्हाला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. चष्मा गेला होता, नाकातोंडात पाणी, साडी अंगाला चिकटलेली. त्या कोळणीनं तुमच्यावर आपला टॉवेल टाकला आणि तेलुगूत तुम्हाला अशा शिव्या घातल्या की तुम्हीही खोकता खोकता हसलात. मग मला जवळ ओढून तुम्ही कानात म्हणालात, "मायला परत आल्याचं सांगायचं न्हाई. एकदा टाकली, गेली. तिच्या डोक्याला उगा घोर नको. शपथ घे." मी तुमच्या ओल्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. तुमचे ओठ निळे पडले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला लिहायचं आहे. गावात बातमी आपल्या आधी पोचली. बाई समुद्रात उतरल्या. परक्या गड्यांनी ओढून काढल्या. तुम्ही एकट्या, लग्न न केलेल्या, घरात म्हातारी आई तेवढी. अशा बाईबद्दल बोलायला लोकांना निमित्तच हवं असतं. महिन्याभरात ते असं झालं की बाई पोरींना रेतीवर सोडून हौसेनं आंघोळीला गेल्या होत्या. संस्थेनं चौकशी लावली. हेडसरांनी सहलीच्या सगळ्या पोरींना एका वर्गात बसवून कोरे कागद दिले, काय घडलं ते लिहा. मायचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. ती घरी येऊन खाटेवर बसून येईल त्याला सांगून राहिली होती, समुद्रानं माझी ओटी घेतली म्हणून. मी खरं लिहिलं तर ते मायपर्यंत जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. 'मला माहीत नाही' असं लिहून मोकळं होता आलं असतं. मी लिहिलं, "बाई हौसेने पाण्यात गेल्या. आम्ही नको नको म्हणत होतो." पहिलं वाक्य मायसाठी लिहिलं. दुसरं कुणासाठी लिहिलं, ते मला आजवर कळलेलं नाही. पहिला कागद माझाच गेला आणि हेडसरांनी नाव न घेता तो मोठ्यानं वाचला. मग बाकीच्यांनी दोन ओळी लिहून कागद दिले.

तुमची बदली संस्थेच्या खेड्यातल्या शाळेत झाली. सहली बंद. पुढची कितीतरी वर्षं तुम्ही रोज एसटीनं जाऊन येऊन केलं, हातात ती कापडी पिशवी आणि नवा चष्मा, तो तुम्हाला कधी नीट बसलाच नाही. स्टँडवर दिसलात की मी आडोशाला व्हायची. एकदा तुम्हीच मला गाठलंत, मी शिवणक्लासला जात होते. "काय गं, तोंड लपवून कामून जातीस? दहावीला भूगोलात किती पडले?" सांगितले. कमी पडले म्हणून तुम्ही भर स्टँडवर मला झापलंत. "नकाशा भरायला काय होतंय? हात दुखतात?" लोक बघून राहिले होते. मला इतकं बरं वाटलं त्या बोलण्यानं! वाटलं, यांना ठाऊक नाही. ठाऊक असतं तर अशा हक्कानं रागावल्या असत्या का?

माझ्या लग्नात तुम्ही आलात. माझी ओटी भरायला पुढं झालात तेव्हा मांडवात कुजबूज झाली, कारण ओटी सवाष्णीनं भरायची, बिनलग्नाच्या बाईनं नाही. तुम्ही थांबलातही. माय उठून म्हणाली, "पहिली बाईच भरतील. माझी ओटी समुद्राला यांनी पोचवली." तिला काही माहीत नव्हतं, सहल तुम्ही नेली एवढाच तिचा अर्थ. तुम्ही माझ्या पदरात खण-नारळ घातला, वाकलात, आणि हळूच म्हणालात, "ही परत नको हं आणून टाकू." सगळ्यांना वाटलं नवरी सासरी जायच्या दुःखानं रडून राहिली. पुढं मला लेक झाली, तुमची आई गेली, आणि एका वर्षी शाळेतच तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि नांदेडच्या रस्त्यातच तुम्ही गेलात. मी तिसऱ्या दिवशी देगलूरला आले. दारात चार बाया बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "चांगली होती, पण तो समुद्राचा डाग राहिला." मी तिथंच बसले होते, बाई. चहा घेतला आणि उठले.

मनाशी म्हणायची, माय आहे तोवर कसं सांगू? शपथ घेतलीय. माय तीन वर्षांपूर्वी गेली, ऐंशी पार करून, सुखानं. शपथ सुटली, आणि तरी मी तीन वर्षं काही बोलले नाही. मग चौथ्या दिवशी लेकीनं मला समुद्र उतरलेल्या वेळी खडकांत फिरायला नेलं. तीही एक सहलच असते तिथं, एक पोरगी पुढं चालते आणि डबक्यांतले खेकडे, फुलांसारखे उघडमीट करणारे जीव दाखवते. खडकात एक नारळ अडकलेला होता, कुंकू लावलेला. ती पोरगी म्हणाली, लोक लांबलांबून येऊन टाकतात, हे सगळं परत येतं, आम्ही रोज गोळा करतो, कृपा करून टाकू नका. बाकीचे फोटो काढून राहिले होते. मी तिथंच ओल्या खडकावर बसले आणि हमसून रडले. लेक घाबरली. तिला सगळं सांगितलं, ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला सांगितली. ती माझ्यावर चिडली नाही, यानंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "मग आता तरी सांग ना. मेळाव्याच्या आधी सांग."

कारण दिवाळीनंतर आमच्या बॅचचा मेळावा आहे आणि फोनवरच्या आमच्या ग्रुपात त्याचा कार्यक्रम ठरून राहिलाय. त्यात दुसऱ्या तुकडीतल्या एकीनं सुचवलं की जुन्या बाई-सरांच्या नकला करायच्या, आणि समुद्रवाल्या बाई मी करते, ओली साडी नेसून स्टेजवर येते. खाली हसायची चित्रं पडली, वीस-पंचवीस. सहलीतल्या पोरींपैकी कुणी हसलं नाही, कुणी नकोही म्हटलं नाही. हे मी विशाखापट्टणला जायच्या आठवडाभर आधी वाचलं होतं आणि फोन उलटा करून ठेवला होता. आता लेकीच्या खोलीत बसून मी सगळं लिहिलं. ओटी कुणाची, बाई कशासाठी आत गेल्या, आणि हेडसरांनी वाचला तो कागद कुणाचा. पाठवलं. नकलेचा निरोप जिनं टाकला होता तिनं काढून टाकला.

मग मॉनिटरचा फोन आला. तीच, जिच्या हातात तुम्ही घड्याळ दिलं होतं. ती आता अहमदपूरला शाळेत शिकवते. मला वाटलं शिव्या घालेल. ती म्हणाली, "अगं येडे, आम्हाला काय डोळे नव्हते का? ओटी बाईंच्या हातात होती, तुझ्या हातून घेतली, सगळ्यांनी बघितलं."

"मग कामून नाही बोललीस?" मी म्हणाले.

"उठले होते मी. हेडसर तुझा कागद वाचून राहिले होते, मी सांगायला उभी राहिले. बाई दारात होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, बस म्हणून. मंग तुझ्याकडं बघितलं. तू खाली मान घालून बसली होतीस."

"त्यांना माहीत होतं? माझा कागद ते?"

"दोन वर्षं तुझ्या वह्या तपासल्या त्यांनी. तुझी भाषा ओळखणार न्हाईत का?"

म्हणजे स्टँडवर मला झापलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मांडवात माझी ओटी भरलीत तेव्हाही. बाई, मला पहिल्यांदा तुमचा रागच आला. कामून बसवलंत तिला खाली? दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. मायला कळलं असतं तर कळलं असतं, ऑपरेशन तर झालंच होतं! एका पोरीचं खोटं झाकायला सगळी नोकरी एसटीत घालवलीत, आणि वर मला कधी सांगितलंही नाही, सांगितलं असतं तर मी तुमचे पाय धरले असते, कधीतरी सगळ्यांसमोर बोलले असते. असं दोन दिवस मनातल्या मनात तुमच्याशी भांडून राहिले होते. नांदेडला आले, दुकान उघडलं, एका गिऱ्हाइकाचं ब्लाउज उलटं कापलं. मग ही मापांची वही घेऊन बसले. हे पान कुणाला द्यायचं नाही, मेळाव्यात वाचायचंही नाही. तिथं जे सांगायचं ते मी उभी राहून तोंडानं सांगणार आहे, ठरलंय ते.

एक मात्र तिथंही सांगणार नाही. ग्रुपात लिहिलं नाही, लेकीला सांगितलं नाही. लाटेखाली तुम्ही दिसेनाशा झालात तेव्हा बाकीच्या सगळ्या 'बाई, बाई' म्हणून ओरडून राहिल्या होत्या, मॉनिटर तर घड्याळ फेकून पाण्याकडं पळाली होती. मी ओरडले नाही. मी तुमच्याकडं बघतच नव्हते. मी मायची ओटी बघत होते. ती वर आली, लाटेच्या पलीकडं गेली, आणखी आत गेली, परत फिरली नाही. तुम्ही अजून पाण्याखालीच होतात, बाई, आणि मला लई आनंद झाला होता.